गिटारवरील लेगाटो: पहिल्या हॅमर-ऑनपासून सलग स्केलपर्यंत

प्रत्येक सूर पिकने छेडून वाजवण्याची सवय पक्की झाली की काही महिन्यांनी बहुतेक शिकणाऱ्यांना एक शंका येते. आपले सूर बरोबर असूनही सुटे सुटे वाटतात, आणि काही वादकांचे सूर मात्र एकातून दुसरा उमलावा तसे ऐकू येतात, हे कसे? त्या फरकाचा मोठा भाग लेगाटो या तंत्रात आहे. लेगाटो हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ ‘जोडलेले’ असा होतो. बासरीवादक एका श्वासात आणि व्हायोलिनवादक गजाच्या एका ओढीत अनेक सूर काढतो, तेव्हा सुरांना लागणारा जोर सतत मिळत असतो. गिटारची तार मात्र एकदा छेडली की तिची आस लगेच ओसरू लागते. त्यामुळे न छेडता पुढचा सूर काढायचा असेल, तर तो जोर डाव्या हाताच्या बोटांनीच पुरवावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती फिरतात.

मी लेगाटोकडे वेगाने वाजवण्याची सोपी वाट म्हणून पाहिले आणि त्यात जवळपास एक वर्ष घालवले. अ‍ॅम्पवर भरपूर डिस्टॉर्शन (आवाज फाटका आणि भरदार करणारा परिणाम) लावून वाजवताना सगळे छान वाटायचे. एके दिवशी तेच स्केल स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करून ऐकले, तेव्हा पिकने छेडलेला सूर मोठा, त्याच्या पुढचा निम्मा, आणि तिसरा केवळ अंदाजाने ओळखावा इतका क्षीण निघाला. त्यानंतर मी सर्व काही पुन्हा पहिल्यापासून शिकलो. त्या दुसऱ्या वेळी जो क्रम उपयोगी पडला, तोच इथे दिला आहे.

लेख उजव्या हाताने छेडणाऱ्यांना धरून लिहिला आहे, डावखुऱ्या वाचकांनी हात उलटे समजावेत. बोटांचे क्रमांक नेहमीप्रमाणे तर्जनी १, मध्यमा २, अनामिका ३ आणि करंगळी ४ असे आहेत. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी.

१. आधी गिटार आणि साहित्य नीट करून घ्या

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत:

- इलेक्ट्रिक किंवा स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार. नायलॉन तारांच्या गिटारवरही हे तंत्र चालते, फक्त तिथे सूर लवकर ओसरतात.
- मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारे साधन; मोबाइलवरचे अ‍ॅप पुरेसे आहे.
- ट्यूनर.
- रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा आलेख दाखवणारे कोणतेही साधे रेकॉर्डर अ‍ॅप.
- डाव्या हाताची नखे कापलेली असणे. हे यादीत लिहावे लागते, कारण नख आधी टेकले तर बोटाचा घाव तारेवर सरळ बसतच नाही.

तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील, तर कितीही सराव केला तरी बोटे थकण्यापलीकडे काही होत नाही. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधली घरे) पट्टीचा माथा आणि तारेचा तळ यांतले अंतर मोजा. इलेक्ट्रिक गिटारवर ते साधारण दीड ते दोन मिलिमीटर असेल तर काम सोपे होते. अकूस्टिकवर थोडे जास्त असणे स्वाभाविक आहे. ते अंतर खूपच जास्त निघाले, तर गिटारचे सेटअप करून घ्यावे. तारांच्या जाडीचेही तसेच. इलेक्ट्रिक गिटारवर ०९ किंवा १० क्रमांकाने सुरू होणारा संच सुरुवातीला सोयीचा पडतो. मात्र अंतर कमी हवे म्हणून तारा इतक्या खालीही आणू नका, की प्रत्येक सुराबरोबर फ्रेटवर खरखर ऐकू येईल. लेगाटोत सूर मुळातच नाजूक असतात, त्यात ही खरखर चटकन उघडी पडते.

२. हॅमर-ऑन: दाबणे आणि आपटणे यांतला फरक

तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला पहिले बोट ठेवा, तार एकदा छेडा आणि ती वाजत असतानाच सातव्या फ्रेटवर तिसरे बोट झपकन टाका. पहिले बोट तसेच राहू द्या. ऐकू येणारा दुसरा सूर म्हणजे हॅमर-ऑन.

नवशिक्यांचा हमखास गोंधळ इथे होतो. आवाज कमी आला की आपण बोट आणखी जोरात दाबतो. पण सूर किती मोठा येणार, हे बोट तारेवर किती वेगाने आदळते यावर ठरते. आदळल्यानंतर कितीही दाबले तरी त्यात भर पडत नाही. तेव्हा बोट तारेपासून साधारण एक सेंटिमीटरवर, किंचित वाकलेल्या अवस्थेत ठेवा आणि तळहाताजवळच्या सांध्यातून खाली सोडा. ते फ्रेटच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ लागून, तिच्या किंचित मागे पडले पाहिजे. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडल्यास सूर बसका येतो. बोट पडल्यावर सूर टिकेल इतकाच दाब ठेवून बाकीचा जोर लगेच सोडून द्या. हे सोडून देणेही शिकावे लागते.

दुसरी चूक पिकची असते. पहिला सूर तुम्ही जितक्या जोरात छेडाल, तितके पुढचे सूर लहान वाटतील. म्हणून बोटांची ताकद वाढवण्याआधी पिकचा जोर कमी करून पाहा. मला स्वतःला सगळ्यांत लवकर फरक या एका बदलाने दिसला.

३. पुल-ऑफ: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

पुल-ऑफ म्हणजे वरच्या सुरावरचे बोट काढून खालचा सूर वाजू देणे, असे सांगितले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. बोट नुसते सरळ वर उचलले, तर नव्या सुराला जवळजवळ काहीच जोर मिळत नाही. ते बोट निघता निघता तारेला हलकेच खाली, म्हणजे जमिनीच्या दिशेने ओढून सोडते. डाव्या हाताच्या बोटाने तार छेडण्याचाच हा प्रकार आहे.

सातव्या फ्रेटवर तिसरे बोट आणि पाचव्या फ्रेटवर पहिले बोट, अशी दोन्ही बोटे आधीच तारेवर ठेवा. सातवा फ्रेट छेडा आणि तिसरे बोट खाली ओढून काढा. पहिले बोट वेळेवर तिथे नसेल, तर मोकळी तार वाजेल. ते तिथे असूनही ढिले असेल, तर तिसऱ्या बोटाच्या ओढीबरोबर तार सरकेल आणि सूर चढा लागेल. हा चढेपणा वाजवताना कानाला सहसा कळत नाही. म्हणून पुल-ऑफने काढलेला पाचव्या फ्रेटचा सूर आणि नुसताच छेडलेला पाचव्या फ्रेटचा सूर लागोपाठ वाजवून, ट्यूनरकडे पाहत तुलना करा. काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला पाहिजे.

ओढ किती असावी? बोट शेजारच्या बारीक तारेला अलगद टेकून थांबेल, इतकी. त्यापलीकडे गेले तर ती तार वाजेल. पहिल्या तारेवर टेकायला शेजारची तारच नसते, आणि ओढ जास्त झाली तर तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरून खाली जाते. म्हणून पहिल्या तारेवर ओढ कमी आणि खालच्या बोटाची पकड जरा घट्ट, असा वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

इथे एक मतभेदही सांगितला पाहिजे. लेगाटोचे नाव निघाले की ज्यांची आठवण होते, ते ब्रिटिश गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ (१९४६–२०१७) यांना ओढलेल्या पुल-ऑफचा आवाज आवडत नसे आणि ते उतरतानाही बोटांच्या आघातावरच भर देत. त्यांना मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, हे लक्षात घेतले की त्या आवडीचा अर्थ लागतो. तरीही माझा सल्ला असा, की ओढलेला पुल-ऑफ आधी स्वच्छ येऊ द्या; तो सौम्य कसा करायचा हे नंतर पाहता येते.

४. बोटांच्या जोड्या

आता दोन्ही क्रिया जोडायच्या. तिसऱ्या तारेवर एकदाच छेडून ५-७-५-७-५ असे वाजवत राहा, मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्यात दोन सूर. याला वेग आला की त्यालाच ट्रिल म्हणतात. पुढील सर्व जोड्या घ्या: १-२, १-३, १-४, २-३, २-४ आणि ३-४.

शेवटची जोडी प्रत्येकाला छळते. बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंचे कंडरे हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात आणि अनामिकेला त्याचा सर्वांत जास्त जाच होतो. त्यामुळे ती शेजारच्या बोटांइतकी स्वतंत्रपणे उचलली जात नाही. हा दोष तुमच्या हाताचा एकट्याचा नाही, म्हणून ३-४ ची तुलना १-२ च्या वेगाशी करू नका. प्रत्येक जोडी ३० सेकंद वाजवा आणि नंतर तितकाच वेळ हात खाली सोडून थांबा.

हे थांबणे मी सुरुवातीला टाळत असे. एकदा वाचता वाचता तासभर ३-४ चा ट्रिल घोटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीचे झाकण फिरवताना मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. त्यानंतर दोन आठवडे गिटार पेटीतच राहिली. बोटांच्या टोकांची आग ही नव्या घट्ट्यांची खूण असते आणि ती सहन करता येते. पण मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराजवळ दुखू लागले, तर त्याच क्षणी थांबा. दुखणे परत परत येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगठा नेकच्या मागे मध्यावर आणि मनगट शक्य तितके सरळ ठेवल्यास हा त्रास बराच टळतो.

५. बाकीच्या तारा गप्प ठेवणे

वाजवण्याच्या तारेवर लक्ष असताना उरलेल्या पाच तारा स्वतःहून गुणगुणू लागतात. पिकने वाजवताना उजवा हात ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीजवळ असतो, त्यामुळे हे फारसे जाणवत नाही. लेगाटोत मात्र डाव्या हाताच्या प्रत्येक आघाताने संपूर्ण नेक किंचित थरथरतो आणि डिस्टॉर्शन असेल तर ती गुणगुण गोंगाट होते.

याची वाटणी अशी करावी. वाजत असलेल्या तारेपेक्षा जाड तारांवर उजव्या तळव्याची करंगळीकडची कड अलगद टेकलेली ठेवावी. लगतची एक जाड तार पहिल्या बोटाचे टोक तिला जेमतेम स्पर्श करून थांबवते. वाजत असलेल्या तारेपेक्षा बारीक तारांवर पहिल्या बोटाचा आतला भाग आडवा टेकतो, पण दाबत नाही. म्हणजे पहिले बोट एकाच वेळी तीन कामे करते: आपला सूर धरते, वरची तार टोकाने थांबवते आणि खालच्या तारा पोटाने झाकते. त्यासाठी ते बाकीच्या बोटांपेक्षा थोडे सपाट ठेवावे लागते. बोटे कमानीसारखी उभी ठेवा, असे सुरुवातीच्या वर्गांत शिकवतात, ते कॉर्डसाठी योग्य आहे. इथे पहिल्या बोटाला तो नियम लावू नका.

तपासायची रीत सोपी आहे. चौथ्या तारेवर ट्रिल वाजवा आणि मध्येच सगळी बोटे तारेवरून न काढता नुसती सैल सोडा, म्हणजे तो सूर बंद पडेल. त्यानंतर जे काही ऐकू येत राहील, ते तुम्ही नकळत वाजवत होता.

पहिल्या फ्रेटपाशी कापडी पट्टा किंवा केसांचे रबर गुंडाळून हा प्रश्न सुटतो, असे तुम्हाला सांगितले जाईल. रेकॉर्डिंगच्या वेळी तो जरूर वापरा. सरावात वापरला, तर हात हे काम कधीच शिकणार नाहीत.

६. एका तारेवर तीन सूर, सहा तारांवर अठरा

लेगाटोच्या स्केलसाठी प्रत्येक तारेवर तीन सूर घेण्याची मांडणी सोयीची असते, कारण एका तारेवर एकदा छेडले की दोन हॅमर-ऑन मिळतात. सुरुवात नेकच्या वरच्या टोकाजवळ करू नका. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर, तर बाराव्याची सुमारे १९ मिलिमीटर असते. म्हणजे तोच ताण बाराव्या फ्रेटपाशी जवळपास निम्मा होतो. म्हणून सी मेजर स्केल आठव्या फ्रेटपासून घ्या:

- सहावी तार: ८-१०-१२
- पाचवी तार: ८-१०-१२
- चौथी तार: ९-१०-१२
- तिसरी तार: ९-१०-१२
- दुसरी तार: १०-१२-१३
- पहिली तार: १०-१२-१३

पहिल्या चार तारांवर, म्हणजे सहावीपासून तिसरीपर्यंत, बोटे १-२-४ लावा. शेवटच्या दोन तारांवर १-३-४. प्रत्येक तारेवर फक्त पहिला सूर छेडायचा, म्हणजे अठरा सुरांसाठी पिक सहा वेळाच चालते. सहाव्या आणि पाचव्या तारेवरचा ताण सुरुवातीला जड जात असेल, तर आठवडाभर वरच्या चार बारीक तारांपुरतेच वाजवा.

लयीचा खरा सापळा या पायरीवर दडलेला आहे. तीन सुरांपैकी पहिले दोन घाईने आणि तिसऱ्यानंतर तार बदलताना अडखळणे, अशी घोड्याच्या दुडक्या चालीसारखी लय नकळत तयार होते. आधी मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्यात तीन सूर घ्या. इथे पिक आणि ठोका एकाच वेळी येतात, त्यामुळे चूक लगेच कळते. ते जमले की तेच स्केल एका ठोक्यात चार सूर असे वाजवा. आता पिक पहिल्या ठोक्याच्या पहिल्या आणि चौथ्या सुरावर, दुसऱ्या ठोक्याच्या तिसऱ्यावर आणि तिसऱ्या ठोक्याच्या दुसऱ्यावर पडते. बारा सूर झाले की चौथ्या ठोक्याला पिक आणि ठोका पुन्हा एकत्र येतात. म्हणजे मधले दोन ठोके हॅमर-ऑनने दाखवावे लागतात. ते दाखवता आले, तर तुमची बोटे पिकच्या आधाराशिवाय लय धरत आहेत असे खुशाल समजा. मला यासाठी दीड महिना लागला आणि तो सगळा वेळ मेट्रोनोम ५० ते ७० यांच्यामध्येच होता.

७. उतरताना तार बदलणे

चढताना नव्या तारेवर पहिले बोट पडते. उतरताना मात्र करंगळी. दुसऱ्या तारेवर १३-१२-१० वाजवून झाले, की तिसऱ्या तारेवरचा १२ करंगळीने घ्यायचा असतो. तो पिकने छेडणे हा एक मार्ग, आणि नव्याने शिकणाऱ्यांनी तोच घ्यावा. न छेडता, गप्प असलेल्या तारेवर करंगळी आपटून सूर काढणे हा दुसरा मार्ग. याला ‘हॅमर-ऑन फ्रॉम नोव्हेअर’ म्हणतात. त्यासाठी ती तार आधी पूर्णपणे थांबलेली असणे आवश्यक आहे, म्हणजेच पाचवी पायरी पक्की हवी. हा सूर नेहमी थोडा लहान येतो. त्याची भरपाई करंगळी जोरात आपटून करण्यापेक्षा आधीचे दोन पुल-ऑफ सौम्य करून करावी.

तार बदलताना आधीच्या तारेवरचे पहिले बोट नवा सूर लागेपर्यंत उचलू नका. ते लवकर सुटले, की मधल्या पोकळीत मोकळी तार ऐकू येते.

८. स्लाइड

याबद्दल थोडेच सांगायचे आहे. बोट तारेवर दाबलेले ठेवून दुसऱ्या फ्रेटपर्यंत सरकवणे म्हणजे स्लाइड. निघताना नजर बोटावर न ठेवता पोहोचायच्या फ्रेटवर ठेवा आणि वाटेत दाब सैल होऊ देऊ नका. मींड कानात मुरलेल्यांना वाटेतले सूर रेंगाळत दाखवण्याचा मोह होतो. स्केल जोडताना ते सूर निसटते हवेत आणि शेवटचा सूर ठोक्यावर लागला पाहिजे.

टॅब, म्हणजे तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवणारी गिटारची लिपी, वाचताना हॅमर-ऑनसाठी ‘एच’, पुल-ऑफसाठी ‘पी’ आणि स्लाइडसाठी तिरकी रेघ दिसेल. पाश्चात्त्य स्वरलिपीत वेगवेगळ्या सुरांवरची कमान म्हणजे ते सूर जोडून घ्यायचे. तीच कमान एकाच उंचीच्या लगतच्या दोन सुरांवर असेल, तर दुसरा सूर नव्याने न वाजवता पहिलाच लांबवायचा असतो.

९. रेकॉर्ड करा आणि आलेख पाहा

सराव नेहमी स्वच्छ आवाजात करा. डिस्टॉर्शन आणि कंप्रेसर लहान-मोठे सूर एका पातळीवर आणतात. वादनात ते हवेच असतात, पण सरावात ते तुमच्या चुका झाकतात. आठवड्यातून एकदा सहावी पायरी रेकॉर्ड करा आणि आलेखावर बोटांनी मोठे करून पाहा. प्रत्येक सुराची एक टेकडी दिसते. माझ्या पहिल्या आलेखात एक उंच, दोन बुटक्या, पुन्हा एक उंच, दोन बुटक्या असा दाताळ्यासारखा नमुना होता. उंच टेकड्या पिकच्या, बुटक्या बोटांच्या. टेकड्यांची उंची जुळणे ही एक कसोटी, आणि त्यांच्यातले अंतर सारखे असणे ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी आधी साधा, कारण आवाजातला थोडा फरक ऐकणाऱ्याला खपतो, लयीतला खपत नाही.

वेग कधी वाढवायचा याचा माझा नियम असा: एकाच वेगात लागोपाठ पाच वेळा स्केल चढून-उतरून स्वच्छ आले, तर मेट्रोनोम चारने पुढे न्या. चौथ्या वेळी चुकले तर मोजणी पहिल्यापासून. दिवसाला वीस मिनिटे पुरतात: पाच मिनिटे जोड्या, दहा मिनिटे स्केल, आणि उरलेली पाच मिनिटे तुम्हाला आधीपासून येत असलेल्या एखाद्या साध्या धूनसाठी. ती धून प्रथम पूर्ण पिकने वाजवा, मग पूर्ण लेगाटोने, आणि तिसऱ्यांदा जिथे सुराला टोक हवे तिथेच पिक ठेवून. तिसऱ्या वेळी पिकच्या जागा कागदावर खुणा करून लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन बदलून पाहा.